पान्याची दिशा: घरच्या घरी बॉटम ब्रॅकेट बदलताना

मंडळी, पंक्चर काढणारे, ब्रेकची केबल बदलणारे हात इथे पुष्कळ आहेत. पण बॉटम ब्रॅकेटचं, म्हणजे दोन्ही पायडलांचे दांडे जोडणाऱ्या एक्सलच्या बेअरिंगचं, नाव निघालं की बहुतेक जण सायकल सरळ दुकानात नेतात. म्हणतात, त्याला फार जोर लागतो. लागतो, खरं आहे. पण घरी हे काम बिघडतं ते बहुधा जोर उलट्या बाजूला लावल्यामुळे. म्हणून आज मी सगळ्यात जास्त बोलणार आहे ते दिशेबद्दल.

त्याआधी दुखणं नेमकं कुठे आहे ते ठरवा. पायडल मारताना दर फेरीला कटकट आवाज आला की लोक लगेच बॉटम ब्रॅकेटवर बोट ठेवतात. तोच आवाज सैल पायडलचा, सीटच्या दांड्याचा किंवा चेनरिंगच्या (पुढच्या दातेरी चक्राच्या) बोल्टचाही असू शकतो. मी आधी चेन चेनरिंगवरून उतरवतो आणि दोन्ही क्रँक (पायडलचे दांडे) धरून आडवे हलवून बघतो. दोन्ही एकदमच हलले तर बेअरिंग गेलं. एकच हलला तर त्या क्रँकचा बोल्ट ढिला आहे, तो लगेच आवळा. मग क्रँक मोकळा फिरवा आणि दुसरा हात फ्रेमवर ठेवा. आत खरखर असेल तर ती तळहाताला कळते.

आता दिशा. आपल्याकडच्या गिअरच्या सायकलींत, चौकोनी टोकाचा एक्सल आणि सीलबंद कार्ट्रिज (एक्सल आणि बेअरिंग एकत्र बसवलेला डबा) असलेल्या, सहसा ब्रिटिश मापाचे आटे असतात: १.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे. यात चेनच्या बाजूचे, म्हणजे उजवीकडचे आटे उलटे असतात. उजवीकडून बघत घड्याळाच्या दिशेने फिरवलं की ते सुटतात. डावीकडचे आटे नेहमीसारखे.

असं उलटं का? एक्सल पुढे फिरतो, तो कपालाही (फ्रेमच्या नळीत आट्यांनी बसणाऱ्या कड्याला) आपल्याबरोबर ओढत असणार, मग उलट्या आट्यांचा कप सुटायला हवा, असं कुणालाही वाटेल. करून बघा. मुठीत पेन्सिल सैल धरा आणि तिचं वरचं टोक दुसऱ्या हाताने एकाच दिशेने गोल गोल फिरवा. मुठीतली पेन्सिल स्वतःभोवती विरुद्ध दिशेने वळत जाते. पायडल मारताना भाराची दिशाही अशीच फिरते, आणि किंचित सैल कप नळीच्या आतून घरंगळत भाराच्या उलट दिशेला सरकतो. हे सरकणं घर्षणाच्या ओढीपेक्षा बलवान ठरतं. उलटे आटे असले की त्याच सरकण्याने कप आवळला जातो. जुन्या इटालियन रेसिंग सायकलींत दोन्हीकडचे आटे सुलटे असतात, आणि तिथे उजवा कप ढिला होण्याची तक्रार जुनीच आहे.

आता लक्षात ठेवण्यापुरतं. पाना वर उभा धरा. बॉटम ब्रॅकेट सोडवताना त्याचं टोक पुढच्या चाकाकडे ढकलायचं, उजवीकडे असा किंवा डावीकडे. आवळताना मागच्या चाकाकडे. पायडलचं याच्या बरोबर उलट, तीही दोन्ही बाजूंना सारखीच.

क्रँक काढताना एक छोटी गोष्ट बघा. बोल्ट निघाला की त्याच्याखालचा वायसर निघाला का? तो आत राहिला तर पुलरचं (क्रँक ओढून काढणाऱ्या हत्याराचं) टोक एक्सलऐवजी वायसरवर टेकतं, आणि तुम्ही ताकद लावलीत की अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकचे आटे सोलून निघतात. पुलर हाताने पूर्ण आत बसवा, मगच दांडा फिरवा.

कार्ट्रिज काढायला वीस दातांचं सॉकेट लागतं. त्याचे दात उथळ असतात, म्हणून सॉकेट घसरून कपाचे खाचे गोल होतात. क्रँकचाच बोल्ट आणि एक मोठा वायसर वापरून सॉकेट एक्सलला बांधून घ्या, म्हणजे ते उडणार नाही. कप हलायला लागला की बोल्ट थोडा सैल करत जा. गंजलेला असेल तर गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री सोडून ठेवा, आणि पान्याला लांब पाइप लावा.

आत बघाल तेव्हा बहुतेक वेळा गंजाचं तांबडं पाणी दिसेल. पावसाळ्यात ते सीटच्या नळीतून खाली उतरतं. बॉटम ब्रॅकेटच्या नळीच्या तळाला भोक असेल तर ते मोकळं करा; ते पाणी निघून जाण्यासाठीच असतं, आणि चिखलाने बुजलेलं सापडतं. फडक्याने आटे एकेक करून पुसा. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथे घाई करू नका.

नवं कार्ट्रिज घेताना जुनं सोबत न्या. त्यावर नळीची रुंदी आणि एक्सलची लांबी लिहिलेली असते, उदाहरणार्थ ६८ आणि ११३ मिलिमीटर. लांबी चुकली की चेनरिंग बाहेर किंवा आत सरकतं आणि गिअर कुरकुरायला लागतात.

आट्यांना भरपूर ग्रीस लावा आणि पहिले चार-पाच फेरे बोटांनीच फिरवा. अर्ध्या फेऱ्यात अडलं तर आटे तिरके लागलेत. बाहेर काढून पुन्हा सुरू करा, पाना लावू नका. शेवटी घट्ट करायचं ते ५० ते ७० न्यूटन-मीटर. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला हे साधारण २० ते २८ किलोचं वजन झालं. डावीकडचा कप प्लॅस्टिकचा असेल तर एवढं नको, तो तडकतो.

काळ्या सायकलीचं गणित वेगळं. तिथे कॉटर पिन (क्रँक एक्सलवर घट्ट धरणारी पाचर) असते आणि आत सुटे छर्रे, साधारणपणे एका बाजूला पाव इंचाचे अकरा. कॉटर ठोकताना क्रँकखाली लोखंडी पाइपचा भक्कम टेकू द्या, नाहीतर घाव थेट छर्ऱ्यांवर जातो आणि कपाला खळगे पडतात.

नळीचेच आटे गेले असतील तर मात्र दुकानात जा. टॅप (आटे पाडणारं हत्यार) मारून ते बहुधा सुधारतात, पण उजवीकडे उलट्या आट्यांचा टॅप लागतो. तो त्यांच्याकडे आहे का, हे सायकल ताब्यात देण्याआधी विचारा.