तिसरं पत्र कोण लिहिणार?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय मेंटॉरबद्दल, म्हणजे संशोधनात आणि नोकरीत वाट दाखवणाऱ्या माणसांबद्दल. पुण्यातल्या पाषाणच्या रस्त्याकडेला उभा राहून बोलतोय, कारण घरी वरच्या मजल्यावर फरशी बसवतायत. मध्येच बसचा हॉर्न आला तर सांभाळून घ्या.

पीएचडीच्या चौथ्या वर्षी मी पोस्टडॉकचा, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या कामाचा, पहिला अर्ज भरायला बसलो. सीव्ही तयार, पुढच्या संशोधनाचा आराखडा तयार. मग एक रकाना आला: तुमच्या कामाबद्दल शिफारसपत्र देऊ शकतील अशा तिघांची नावं. पहिलं नाव गाईडचं. आणि तिथेच गाडी अडली. माझं काम नीट ओळखणारा माणूस अख्ख्या पुण्यात तो एकच होता!

शेवटी पीएचडीच्या कामावर नजर ठेवणाऱ्या सल्लागार समितीतल्या एका सरांकडे गेलो. माणूस भला. चहा मागवला, म्हणाले, "लिहितो की. फक्त एकदा सांग, तू नक्की कशावर काम करतोस?"

आता यात त्यांची काय चूक? तोवर दर सहामाहीला एकदा, असा सात वेळा मी त्यांच्यासमोर उभा राहिलो होतो. आणि सातही वेळा डोक्यात एकच, की कधी एकदाचं हे संपतंय.

आपल्याकडे मेंटॉर म्हटलं की डोळ्यांसमोर गुरू येतो. एकच माणूस. विषय तोच देणार, पेपर तोच तपासणार, नोकरीही तोच बघणार. आणि तो माणूस म्हणजे गाईड, असं आपण परस्पर ठरवून टाकतो. पण गाईडकडे काय काय असतं बघा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांनुसार एका प्राध्यापकाकडे एका वेळी ८ पीएचडीचे विद्यार्थी असू शकतात, सहयोगी प्राध्यापकाकडे ६, सहायक प्राध्यापकाकडे ४. त्याशिवाय शिकवणं, प्रोजेक्टसाठी पैसे आणणं, खरेदीच्या फायलींमागे धावणं. शिवाय बहुतेक गाईड एकाच वाटेनं आलेले असतात: पीएचडी, परदेशात पोस्टडॉक, परत येऊन नोकरी. औषध कंपनीत कसं शिरायचं, पेटंटचं काम कोण देतं, हे त्यांना ठाऊक नसलं तर नवल नाही. ज्या गल्लीत कधी गेलोच नाही तिथला पत्ता कसा सांगणार? (पुण्यात सांगतात म्हणा. ठामपणे सांगतात.)

एक उदाहरण देतो, आपल्या जिल्ह्यातलंच. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशची रेडिओ दुर्बीण. ती ज्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली ते गोविंद स्वरूप. त्यांच्यामागे कोण कोण होतं ते मोजू या.

दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत ते काम करत होते, संचालक होते के. एस. कृष्णन. रेडिओ खगोलशास्त्र हा विषय तेव्हा नवा. कृष्णन यांनी १९५३ मध्ये त्यांना ऑस्ट्रेलियाला धाडलं. म्हणजे पहिल्या माणसानं विषय शिकवला नाही, दार दाखवलं. तिथे या विषयाच्या कामाचे प्रमुख जोसेफ पॉसी होते. त्यांनी या पोराला एका टेबलाशी बांधून ठेवलं नाही. तीन-तीन महिने वेगवेगळ्या गटांत फिरवलं, चार गट, चार कामाच्या पद्धती. मला या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात आवडतो. पीएचडी झाली स्टॅनफर्डला, रॉनल्ड ब्रेसवेल यांच्याकडे. म्हणजे अधिकृत अर्थानं गाईड म्हणावा असा माणूस या यादीत फार उशिरा येतो.

पुढे १९६१ मध्ये परदेशातल्या चार भारतीय खगोलशास्त्रज्ञांनी मिळून पत्रं धाडली, की आम्हाला परत येऊन भारतात गट उभा करायचाय. स्वरूप त्यांतले एक. बाकीचे तिघे त्यांच्याच पिढीतले. यातलं एक पत्र मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था चालवणाऱ्या होमी भाभांना होतं, आणि भाभांची तार आली: गट काढायचं ठरवलंय. ऑस्ट्रेलियातल्या ज्या ३२ छोट्या डिश मोडीत निघाल्या होत्या, त्या स्वरूप यांनी भारतासाठी मागून घेतल्या होत्या. त्याच डिश १९६५ मध्ये कल्याणजवळ उभ्या राहिल्या.

मोजलंत? एकानं धाडलं, एकानं फिरवलं, एकानं पीएचडी करून घेतली, एकानं नोकरी दिली, आणि तिघे सोबतीला. हा रस्ता ज्याच्या कडेला मी उभा आहे ना, त्याचं नाव होमी भाभा रस्ता. रसायनशास्त्राची एनसीएल इथेच, विज्ञान शिकवणारी आयसरही इथेच. खगोलशास्त्राच्या आयुका आणि एनसीआरए या संस्था विद्यापीठात. अर्ध्या तासाच्या अंतरात इतकी माणसं असलेल्या गावात राहून मी एका मजल्यापलीकडे गेलो नव्हतो.

बरं, मग करायचं काय? समितीपासून सुरुवात करा. नियमाप्रमाणे दर सहामाहीला तिच्यापुढे उभं राहायचंच आहे, तर ती परीक्षा समजू नका. बैठकीच्या आठवडाभर आधी एका पानात काम लिहून पाठवा, आणि त्यात कुठे अडलंय तेही लिहा. अडलेलं लिहिलं की लोक वाचतात. सगळं छान चाललंय असं लिहिलं की कोणी बघत नाही.

अनोळखी माणसाला मेल करताना "सर, मला मार्गदर्शन करा" असं लिहू नका. यावर समोरच्यानं उत्तर काय द्यायचं? "तुमच्या व्याख्यानात तुम्ही अमुक पद्धत वापरलीत, ती माझ्या नमुन्यांवर चालत नाहीये, १५ मिनिटं भेटाल का?" असं लिहा. भेट झाली की दोन-चार दिवसांत कळवा, सांगितलेलं करून बघितलं, हे झालं, हे नाही झालं. बहुतेक जण इथेच गळतात. आणि कंपनीतलं काही विचारायचं असेल तर तुमच्याच लॅबमधून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या ताईला किंवा दादाला फोन करा, तिथे मोठं नाव काही कामाचं नाही.

गाईड त्रास देत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. त्यावर चांगला मेंटॉर हा उपाय नव्हे, तिथे तक्रारीची रीतसर वाट धरावी लागते. तो व्हिडिओ स्वतंत्र करेन.

माझ्या तिसऱ्या पत्राचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या एका संस्थेत मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे नमुन्यातल्या रेणूंचं वस्तुमान मोजणारं मशीन, सांभाळणाऱ्या मॅडम होत्या. दोन वर्षं दर मंगळवारी मी नमुने घेऊन त्यांच्याकडे जायचो. माझे कुठले प्रयोग फसले आणि मी ते पुन्हा कसे लावले, हे गाईडपेक्षा त्यांना जास्त माहीत होतं. घाबरत विचारलं. त्यांनी पानभर लिहिलं.

पुढच्या मंगळवारी नमुन्यांबरोबर बाकरवडीचा पुडा नेला. मॅडम म्हणाल्या, "पुडा बाहेर ठेव आधी. मशीनपाशी खायचं आणलेलं चालत नाही, दोन वर्षांत एवढंही शिकला नाहीस?"