फुफाट्यात उतरताना

(दृश्य: लातूर जिल्ह्यातल्या एका गावातलं शाळेचं मैदान. मे महिना, भर दुपार.)

हेलिकॉप्टर यायला अजून तासभर आहे. मैदानात फक्कीनं आखलेला पांढरा गोल, मधोमध मोठा एच. टँकर हळूहळू फेऱ्या मारतोय. पाणी पडलं की माती काळी होते आणि बघता बघता पुन्हा वाळते. "अजून एक खेप मारा, फुफाटा लई उडंल," कुणीतरी ओरडतं. ज्या गावात घागरभर पाण्यासाठी रांग लागते, तिथं हे पाणी जमिनीवर ओततात. ओतावंच लागतं. पंख्याच्या वाऱ्यानं उडालेला खडा डोळाही फोडतो आणि काचही.

माणसं मंगळावर राहायला जाणार, असं कुणी म्हणालं की मला हे मैदान आठवतं. तिथं आधी जाऊन पाणी कोण मारणार?

मंगळाची हवा मोठी अडचणीची. पृथ्वीवरच्या दाबाचा शंभरावा हिस्साही तिच्यात नाही. यान तापवून लाल करायला ती पुरते, पण थांबवायला पुरत नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत पर्सिव्हिअरन्स ही गाडी उतरली, ती ताशी साडेएकोणीस हजार किलोमीटर वेगानं आत शिरली होती. साडेएकवीस मीटर रुंद पॅराशूट उघडूनही वेग ताशी तीनशेच्या वरच राहिला. पुढचं काम इंजिनांनी केलं. या गाडीचं वजन जेमतेम एक टन. माणसं, त्यांचं घर, हवा, अन्न म्हटलं की एका खेपेला निदान वीस टन उतरवायचे. एवढ्या ओझ्याला पॅराशूट पुरणार नाही. इंजिनं जमिनीकडे तोंड करून, खूप आधीपासून पेटवावी लागतील.

आणि इथंच तो फुफाटा. २०१२ साली मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी या आधीच्या गाडीला इंजिनं उंचावर ठेवून दोरांनी अलगद खाली सोडलं होतं. तरी खडे उडून गाडीच्या पाठीवर पडले. वारा मोजणारं एक उपकरण निकामी झालं, तेही बहुधा अशाच खड्यांनी. वीस टनांच्या यानाची इंजिनं तर जमीनच उकरतील.

म्हणून आधी पाठवलेल्या घराच्या अगदी जवळ उतरता येत नाही. लांबही उतरून चालत नाही. पर्सिव्हिअरन्स जिच्यात कुठंही टेकू शकली असती, अशी आखलेली जागा ७.७ बाय ६.६ किलोमीटरची होती. आपल्याकडची तीन-चार गावांची शिवारं त्यात मावतील. सहा-सात महिने वजनाशिवाय तरंगून आलेली माणसं, पायांत त्राण नाही, पाठीवर मोजकी हवा. ती किती चालतील?

(दृश्य: लातूर रेल्वे स्थानक.)

एप्रिल २०१६. मिरजेहून पाण्याची रेल्वे इथं आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आज टँकर चुकला तर उद्या येतो, या आशेवर आपण उन्हाळे काढलेत. मंगळाची वाट मात्र २६ महिन्यांतून एकदाच सोपी होते. तिथल्या जमिनीखाली बर्फ आहे. २००८ मध्ये फिनिक्स यानानं माती खरवडून तो पाहिला. पण मातीत परक्लोरेट नावाचा क्षारही सापडला, थायरॉइडला घातक. पाणी गाळून, शुद्ध करूनच प्यावं लागेल.

म्हणून मला वाटतं, पहिल्या खेपांत माणूस नकोच. आधी यंत्रं जावीत, बर्फ शोधावा, तिथलीच माती भाजून उतरायला कडक फरशी करावी. ती तयार झाल्याची खूण दिसली, की मग माणसांनी निघावं.

(दृश्य: पुन्हा मैदान.)

आवाज आला. टँकर बाजूला झाला. बायांनी पदर तोंडावर घेतले, पोरांनी डोळे झाकले. तीन खेपा पाणी पिऊनही मैदान उठलंच.