आधी काय जाणार?

बसा बसा, मागे अजून जागा आहे. आणि ज्यांनी नोट्स घ्यायला लॅपटॉप मांडीवर उघडलाय त्यांनी एक करा, टचपॅडवर बोट फिरवून बघा तो कडेला सपाट लागतोय की मधे जरासा वर आलाय. का ते नंतर सांगतो.

मला कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, कुठल्या कंपनीचा लॅपटॉप जास्त टिकतो. मी इतकी वर्षं लॅपटॉप उघडतोय, स्क्रू काढून काढून बोटांना घट्टे पडलेत, पण या प्रश्नाचं मला समाधान होईल असं उत्तर काही अजून देता आलेलं नाही. कारण लॅपटॉप अख्खाच्या अख्खा एकदम म्हातारा होत नाही ना. बॅटरीचं वय वेगळं, हिंजचं म्हणजे स्क्रीनच्या बिजागरीचं वेगळं, पंख्याचं वेगळं, सगळं ज्यावर बसवलेलं असतं त्या बोर्डाचं वेगळं. प्रोसेसर तर आपणहून सहसा जातच नाही, तो सगळ्यांना पुरून उरतो. मग लॅपटॉप बाद होतो कधी? तर जो पार्ट आधी गेला तो बदलताच येत नाही, किंवा बदलायला बसलो तर नाकापेक्षा मोती जड होतो, तेव्हा. म्हणून मी प्रश्न उलटा करतो, यात आधी काय जाणार आणि ते गेल्यावर तुम्ही काय करणार.

तरी कंपनीचं काढलंच आहे तर सांगतो. स्क्वेअरट्रेड म्हणून एक वॉरंटी विकणारी कंपनी, तिने २००९ मध्ये जवळपास ३०,००० लॅपटॉपचा हिशेब मांडला होता. तीन वर्षांत साधारण ३१ टक्के लॅपटॉपना काही ना काही झालेलं, एकूण लॅपटॉपपैकी २० टक्क्यांच्या आसपास आपणहून बिघडलेले आणि उरलेले आपल्याच कृपेने, म्हणजे पडले, आपटले, वर काहीतरी सांडलं. म्हणजे बघा बिघडलेल्यांतला तिसरा हिस्सा तर आपणच मारतो आणि नाव कंपनीचं. कमी बिघडणाऱ्यांच्या त्या यादीत आसुस आणि तोशिबा वर होते, एचपी तळाला. लोक ती यादी बरीच वर्षं एकमेकांना दाखवत राहिले, आणि तोशिबाने २०१८ मध्ये लॅपटॉपच्या धंद्यातला बहुतेक हिस्सा शार्पला विकूनसुद्धा टाकला! बरं, वॉरंटी विकणाऱ्याने सांगायचं की लॅपटॉप फार बिघडतात, हेही जरा लक्षात ठेवाच. पण त्याहून मोठी गोची म्हणजे एकाच कंपनीचा, समजा लेनोवोचा, ऑफिसवाल्यांसाठी बनवलेला थिंकपॅड आणि स्वस्तातला आयडियापॅड एकाच नावाखाली मोजायचे आणि सरासरी काढायची, तिला काय अर्थ आहे? डेलचं लॅटिट्यूड घ्या, एचपीचं एलिटबुक घ्या, त्याही ऑफिसवाल्या सिरीज, तिथेही तेच. नाव नका बघू, सिरीज बघा.

आता बॅटरी. ही जाणार म्हणजे जाणारच, वाद नाही. लिथियम आयन सेल हा जन्मल्यापासून झिजायला लागतो, वापरा नाहीतर खोक्यात ठेवा. सायकल सायकल म्हणतात ती काय, तर आज अर्धी वापरली उद्या अर्धी वापरली की एक सायकल, रोज चार्जरला लावलं म्हणजे रोज एक असं नाही. साध्या सेलला ३०० ते ५०० सायकल धरतात, ॲपल आपल्या मॅकबुकला १००० सांगते, आणि तिथं पोचल्यावर ती मरत नाही तर मूळच्या ८० टक्क्यांपर्यंत उतरलेली असते. पण माझ्या टेबलावर ज्या बॅटऱ्या येतात ना, त्या सायकल संपवून आलेल्या कमी आणि उकडून मेलेल्या जास्त. पूर्ण चार्ज करून तशीच ठेवलेली आणि वरून गरम, या दोन गोष्टी एकत्र आल्या की सेल सगळ्यात भराभर म्हातारा होतो. म्हणजे नेमका तोच लॅपटॉप जो दिवसरात्र चार्जरला लावून टेबलावर पडून असतो, मालक म्हणतो अहो मी तर बॅटरी वापरलीच नाही. वापरली नाही हेच तर झालं! बऱ्याच लॅपटॉपमध्ये आता ८० टक्क्यांना चार्जिंग थांबवायची सेटिंग असते, कुणी कन्झर्व्हेशन मोड म्हणतं कुणी आणखी काही, ती चालू करा, फुकट आहे.

आणि टचपॅडचं म्हणत होतो ते असं. जुन्या लॅपटॉपच्या बाहेर काढता यायच्या त्या जाडजूड बॅटऱ्यांमध्ये बहुतेक गोल नळकांड्यासारखे सेल असायचे, वरून पत्र्याचं कवच, त्यामुळे फुगायला वावच नव्हता. आता लॅपटॉप पातळ हवा म्हणून चपटे पाऊच सेल आले, आतमध्ये गॅस तयार झाला की ते उशीसारखे फुगतात आणि वर काय असतं, टचपॅड. आधी क्लिक नीट होत नाही, मग तो वर येतो, मग खालचं झाकण फाकतं आणि लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागतो. मी एका बाईंना बघितलंय, त्यांनी डुगडुगतोय म्हणून खाली कागदाची घडी लावून चार महिने वापरला. तसं करू नका, टोचू नका, दाबून बसवू नका, बंद करा आणि बॅटरी बदलून घ्या. युरोपियन युनियनचा नियम आहे, १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे, बघू कंपन्या काय काय पळवाटा काढतात.

दुसरं हिंज. याच्यावर कुणी बोलतच नाही, रिव्ह्यूवाले तर दोन दिवस वापरून सांगतात छान आहे, एका बोटाने उघडतो. बिजागरी लोखंडाची असते हो, ती नाही तुटत. ती ज्या स्क्रूंनी बसवलेली असते ते स्क्रू जातात पितळेच्या छोट्या नटांमध्ये, आणि ते नट बसवलेले असतात प्लास्टिकमध्ये. घोडं पेंड खातं ते इथे. वर्ष-दोन वर्षं गेली, हिंज जड झाली, तुम्ही रोज स्क्रीनचा एकच कोपरा धरून उघडता, सगळा जोर एका बाजूवर, आणि एक दिवस कट्ट आवाज येतो, पितळी नट प्लास्टिकसकट उपटून बाहेर. मग लोक घरी सुपरग्लू लावतात. एकदा एक मुलगा आला, त्याने ग्लू इतका मनापासून लावला होता की हिंजच चिकटली, लॅपटॉप उघडेचना, आतला डेटा हवा म्हणून रडकुंडीला आलेला. खरं तर हिंज जड झाल्याझाल्या तिचा नट पाव आटा सैल केला की पाच मिनिटांचं काम, पण तेव्हा कुणी येत नाही. घ्यायच्या आधी मी काय बघतो माहितेय, सर्व्हिस मॅन्युअल डाऊनलोड करायचं आणि हिंज कशावर बसलीय ते बघायचं, धातूच्या फ्रेमवर असेल तर निम्मं काम झालं.

डब्यावर लिहिलेलं असतं मिलिटरी ग्रेड. ते मिल-स्टँडर्ड-८१०. अमेरिकन सैन्याच्या चाचण्यांचं पुस्तक आहे ते, त्यातल्या कुठल्या चाचण्या करायच्या ते कंपनी स्वतःच निवडते, सर्टिफिकेट देणारं कुणी बसलेलं नाही. अगदीच थाप नाही, पण फार भुलू नका.

उष्णतेचं सांगतो. पंखा हवा ओढतो आणि तांब्याच्या पातळ पट्ट्यांमधून बाहेर फेकतो, धूळ आणि कपड्यांचे तंतू त्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला साठून अक्षरशः नमद्यासारखा थर बनतो. बाहेरून दिसत नाही. वर प्रोसेसरची उष्णता पुढे पोचवणारी थर्मल पेस्ट काही वर्षांत सुकलेली. मग होतं काय, प्रोसेसर शंभर डिग्रीच्या आसपास पोचला की जळत नाही, तो स्वतःचा वेग कमी करतो, आणि मालक म्हणतो जुना झाला, स्लो झाला, नवीन घेऊ. किती लॅपटॉप असे निव्वळ धुळीपायी भंगारात गेले असतील! बाहेरून जोरात हवा मारू नका मात्र, तो थर आत कुठेतरी जाऊन बसतो आणि पंखा भलत्या वेगाने फिरून वाया जातो, उघडून पंखा बोटाने धरूनच साफ करायचा.

बोर्ड गेला तर मात्र अवघड. काही वेळा दोष अख्ख्या पिढीचाच असतो, त्यात तुमची काळजी काय करणार. २००७-०८ च्या सुमाराचे एनव्हिडियाचे ग्राफिक्स चिप, ८४०० एम, ८६०० एम, पटापट मरत होते, जुलै २००८ मध्ये कंपनीने त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढल्याचं जाहीर केलं. लोक ते बोर्ड हॉट एअरने, काही जण तर चक्क ओव्हनमध्ये भाजायचे आणि स्क्रीन परत यायची, आनंदीआनंद, काही आठवड्यांनी पुन्हा काळोख. कारण दोष चिपच्या आतल्या सूक्ष्म सोल्डरच्या थेंबांमध्ये होता, बाहेर कितीही भाजा. ॲपलचा बटरफ्लाय कीबोर्डही तसाच, २०१५ ला आला, धुळीच्या कणाने बटण अडकायचं, २०१८ मध्ये कंपनीला फुकट दुरुस्तीचा प्रोग्राम काढावा लागला आणि २०१९ च्या शेवटी १६ इंचीपासून त्यांनी बटणांखाली पुन्हा जुनी कात्री पद्धत आणली. आणि गंमत म्हणजे एक बटण अडकलं तरी कीबोर्डाबरोबर त्याच्या भोवतीचं वरचं कव्हर आणि त्याला चिकटवलेली बॅटरी असं सगळं बदलायला लागायचं. म्हणून नवीन मॉडेल आल्या आल्या उडी मारू नये असं मला वाटतं, वर्षभर थांबा, दुसऱ्यांना भोगू दे.

रॅम सोल्डर केलेली, म्हणजे बोर्डावरच कायमची डाग देऊन बसवलेली असते, त्याला लोक फार शिव्या घालतात. माझं मत जरा वेगळं आहे, सोल्डर केलेली रॅम जास्त बिघडते असं मला तरी दिसलेलं नाही, उलट स्लॉट सैल व्हायची भानगड नाही. फक्त घेताना जेवढी घेतली तेवढ्यावरच जन्म काढायचा, म्हणून आज पुरेल त्याच्या दुप्पट घ्या. एसएसडी, म्हणजे तुमचा डेटा जिच्यात साठतो ती, सोल्डर असेल तर मात्र मला धडकी भरते, बोर्ड गेला की तुमचे फोटोही गेले, बॅकअप नसेल तर.

शेवटचं सॉफ्टवेअर. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१६ चा ठणठणीत लॅपटॉप, हिंज चांगली, बॅटरी नवी टाकलेली, तो कागदोपत्री म्हातारा! लिनक्स टाकून चालतो, मी कित्येकांना टाकून दिलंय. क्रोमबुकला, म्हणजे गुगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपला, गुगलने २०२३ मध्ये १० वर्षांचे अपडेट जाहीर केले, घेताना ती तारीख बघून घ्या, १० वर्षं त्या मॉडेलचा आतला प्लॅटफॉर्म पहिल्यांदा बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही.

हां, मागून प्रश्न आलाय, गेमिंग लॅपटॉप किती टिकतो? पंखे दर वर्षी साफ केलेत तर बाकीच्यांइतका, नाही केलेत तर मला भेटालच. आणि तुम्ही, तुमचा टचपॅड वर आलाय म्हणताय? चार्जर काढा आधी. नाही, आत्ता काढा, आणि तो इकडे घेऊन या, मांडीवर नका ठेवू.