परतीचा कागद

(दृश्य: अंधारं पार्किंग. एकच ट्यूबलाइट, तीही फडफडणारी.)

पहाटेचे साडेचार. पुण्यात सिंहगड रोडवरची एक सोसायटी. लावलेल्या दुचाक्यांच्या मधून एक होडी चालत येतेय. खाली दोन पाय दिसतात, वर पालथी होडी दिसते, माणूस मधे कुठेतरी असणार. वॉचमन खुर्चीतून उठतो, गेट उघडतो, पुन्हा बसतो. पहिल्या वेळी त्यानं विचारलं होतं, "साहेब, पूर येणारे का?" आता विचारत नाही.

सोसायटीतली मुलं या गृहस्थांना होडीवाले काका म्हणतात. आमची फिल्म त्यांच्यावरची. नाव त्यांना कॅमेऱ्यासमोर सांगायचं नाही, म्हणून आपणही होडीवालेच म्हणू. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. नोकरी संगणकाची. चारचाकी आहे, पण ती सोसायटीबाहेर रस्त्यावर उभी असते, कारण पार्किंगची त्यांची जागा होडीनं घेतलीय. यावरून सभेत दोनदा वाद झाले. नियमांत वाहन म्हटलंय, होडी हे वाहन आहे की नाही, असा मुद्दा एका सभासदांनी लेखी मांडला होता. पुढे 2024 च्या जुलैत याच रस्त्यावर एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, माणसं बोटींतून बाहेर काढावी लागली. त्यानंतर तो विषय पत्रिकेवर आला नाही.

तळमजल्यावर एक आजी राहतात. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा त्या नारायण पेठेत होत्या, शाळकरी वयाच्या. होडीवरच्या विनोदांना त्या कधीच हसल्या नाहीत. त्यांनी काकांना एवढंच विचारलं, "पोहायला येतं ना?"

(दृश्य: होडीचा सांधा, अगदी जवळून.)

ही होडी घरी बनवलेली आहे. हिला कनू म्हणतात. कयाकला दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं लागतं आणि बसायला भोक असतं; कनू वरून उघडी, वल्हं एकाच पात्याचं. टिंबर मार्केटमधून आणलेला मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लायवूड, त्याच्या पट्ट्या कापून कडेला बारीक भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेनं चक्क शिवायच्या. गोधडी शिवतात तशा. मग सांध्यात इपॉक्सी नावाचा चिकट डिंक आणि लाकडाचा भुसा कालवून केलेली लापशी भरायची, वरून फायबरग्लासची पट्टी, वाळलं की तारा ओढून काढायच्या. बोट फिरवून बघा, टाक्यांच्या खुणा अजून लागतात. काम गच्चीवर केलं. तयार झाल्यावर खाली कशी आणणार, हे ज्यानं त्यानं विचारलं. जिन्याचं वळण काकांनी पट्टी कापायच्या आधी मोजलं होतं. लांबी पंधरा फूट ठरली ती त्या वळणामुळे.

वल्हं पहिल्यांदा हातात घेतलं ते कॉलेजात, संगमाजवळच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या बोट क्लबवर, 1928 पासून चालत आलेल्या रिगाटाच्या, म्हणजे होड्यांच्या कार्यक्रमाच्या तयारीत. पण एकट्यानं जायचं वेड लागलं अमेरिकेत. कंपनीनं दोन वर्षं मिनेसोटात पाठवलं होतं. त्या राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून, बाउंड्री वॉटर्स नावाचं राखीव रान आहे. हजाराहून जास्त सरोवरं, क्षेत्र चार लाख हेक्टरांच्या पुढे, आणि बहुतेक पाण्यावर इंजिनाला बंदी. तिथे परवाना घेऊन जायचं, एका गटात जास्तीत जास्त नऊ माणसं. सरोवरांच्या मधे रस्ते नाहीत, पायवाटा आहेत. एक सरोवर संपलं की होडी पालथी करून खांद्यावर घ्यायची आणि पुढच्या पाण्यापर्यंत चालायचं. याला पोर्टेज म्हणतात. या वाटांची लांबी नकाशावर आजही रॉड या जुन्या मापात लिहितात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूएवढा. त्या प्रदेशातल्या आदिवासी लोकांनी भूर्जाच्या सालीची कनू केली ती याचसाठी, की तिनं माणसाला पाण्यावरून न्यावं आणि जमिनीवर माणसानं तिला.

काकांच्या हिशेबानं त्यांचं पार्किंग ते गेट नऊ रॉड भरतं. वजन सव्वीस किलो.

(दृश्य: स्वयंपाकघर. फ्रिजवर चुंबकाखाली अडकवलेला फुलस्केप कागद.)

एकट्यानं जाणाऱ्याबद्दल आपली एक ठरलेली समजूत असते. माणूस घरादाराला कंटाळलाय, मनस्वी आहे, नाहीतर सरळ विक्षिप्त आहे. आमचीही तीच होती, आणि फिल्मही तशीच करायची होती. मग हा कागद दिसला.

सोमवारी सकाळी 7, भाटघर जलाशय, कोणत्या गावाच्या काठावरून निघणार ते. डावा काठ धरून वर. मुक्काम पहिला आणि दुसरा, गावांच्या नावासकट. गाडीचा नंबर. होडीचा रंग: खाली हिरवा, आत पिवळा. अंगात नारिंगी लाइफ जॅकेट. बुधवारी दुपारी 4 ला परत. 6 पर्यंत कोणी फोन करायचा नाही. 6 नंतर अमुक गावातल्या अमुक घरी. 8 ला 112. खाली काकूंची सही, कारण काकूंनी वाचलंय हे काकांना लेखी लागतं. सहीखाली वेगळ्या शाईत: स्वेटर न्या.

परवानगीचं पत्रही सोबत होतं. ते कुठल्या टेबलावर किती दिवस पडलं होतं, हा वेगळ्या फिल्मचा विषय.

सामान आम्ही ताणकाट्याला अडकवून पाहिलं. साडेतेरा किलो. चौघं असले की स्टोव्ह एकाकडे, पातेलं दुसऱ्याकडे, दोरी तिसऱ्याकडे, आणि चौथ्याकडे काही नसतं, तो गप्पा मारतो. एकट्याला स्टोव्ह, पातेलं, दोरी सगळं न्यावं लागतं. औषधांची पिशवी, दुसरं वल्हं, वीजदिवे दोन. खायला मेतकूट, तांदूळ, थालिपिठाची भाजणी आणि तुपाची चपटी डबी. पाणी उकळूनच प्यायचं, त्यामुळे गॅस थोडा जास्त.

(दृश्य: कापूरहोळचा फाटा, भोर, मग धुक्यातलं पाणी.)

भाटघरचं धरण 1927 साली पुरं झालं. वेळवंडी नदी अडवलीय. डिसेंबरात पाणी काठोकाठ असतं आणि सकाळी ताटलीत ओतल्यासारखं स्थिर. सात वाजता काकांनी होडी पाण्यात सोडली. आमचं चित्रीकरण खरं तर इथेच संपलं. एकट्या माणसावरची फिल्म, तिच्यात मागोमाग कॅमेरेवाल्यांची लाँच कशी चालेल? एक लहान कॅमेरा त्यांच्याकडे दिला आणि आम्ही काठावर राहिलो.

निघण्याआधी एक गोष्ट नीट बघून घेतली. दोघांच्या कनूत एकटा माणूस मागच्या टोकाला बसला की पुढचं टोक वर उचललं जातं, आणि वारा ते टोक धरून होडी गरागरा फिरवतो. म्हणून काका होडीचं मागचं टोक पुढे करतात आणि पुढच्या माणसाच्या बाकावर मागे तोंड करून बसतात. त्यानं ते मध्याजवळ येतात. समोर, रिकाम्या टोकात, पाण्यानं भरलेला पंधरा लिटरचा कॅन. तेवढ्यानं होडी सपाट बसते.

दुसरी अडचण, वल्हं एकाच बाजूला मारलं की होडी दुसऱ्या बाजूला वळते. नवखा माणूस मग दर दोन फटक्यांनी बाजू बदलतो आणि मांडीवर पाणी सांडून घेतो. काका बाजू बदलत नाहीत. फटक्याच्या शेवटी मनगट वळवतात, अंगठा खाली जातो, पातं होडीपासून बाहेर ढकललं जातं आणि टोक पुन्हा सरळ होतं. इंग्रजी जे अक्षरासारखा हा फटका, म्हणून त्याचं नावही तेच. आवाज जवळजवळ नाही. फक्त वल्हं वर आलं की टपटप.

ट्यूबवर बसून जाळं काढणारा एक मच्छीमार थांबून बघत होता.
"येकलंच?"
"एकटाच."
"घरी भांडान झालं का?"
"नाही हो. डबा दिलाय बायकोनं."
तो बराच वेळ डब्याकडे बघत राहिला. पटलं नसावं.

(दृश्य: काकांच्या कॅमेऱ्यातलं चित्रण. हलतं.)

तीन दिवसांतून आमच्या हाती अकरा मिनिटं आली. त्यातली चार पिशवीच्या आतली आहेत, बटण चुकून दाबलं गेलेलं.

उरलेल्या सातांत पहिलं दृश्य नुसत्या पाण्याचं आहे. होडी थांबलीय. काका म्हणतात, "खाली देऊळ आहे." कांबरे गावचं कांबरेश्वराचं मंदिर वर्षातले बहुतेक महिने या पाण्यात असतं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की कळसापासून हळूहळू वर येतं. आत्ता वर काहीच खूण नाही. पाणी, त्यात आभाळ, आणि होडीच्या कडेला टेकलेला एक हात.

दुसऱ्यात वारा आहे. अकरा वाजले की दरी तापते आणि वारा सुटतो. चित्र आडवंतिडवं, लाटा लहानच, पण होडीची कड बोटभर वर. काका काठापासून तेवढ्याच अंतरावर राहतात जेवढं बुटांसकट पोहता येईल. आडवं पार करायचं ते फक्त सकाळी. होडीला बांधलेली दोरी कायम हाताजवळ, कारण एकटा माणूस उलटला तर वारा रिकामी होडी त्याच्या पोहण्यापेक्षा वेगानं पळवतो. त्या दिवशी ते पावणेपाच तास एका आंब्याखाली बसून राहिले. याचं चित्रण नाही. वारा पडेपर्यंत बसून राहणं कोण चित्रित करणार?

तिसरं दृश्य राजगडावरचं. मंगळवारी होडी गडाच्या दक्षिणेला, भुतोंडे गावाच्या बाजूला एका अंगणात पालथी ठेवली, आणि आळू दरवाजानं वर. दक्षिणेची ही वाट गुंजवणे गावाकडून येणाऱ्या वाटेच्या मानानं ओस. काठीनं गवत चाचपत जावं लागतं, फुरसं हा विषारी साप पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. संजीवनी माचीच्या दुहेरी तटावरून कॅमेरा सावकाश फिरतो: तोरणा, लांब सिंहगडावरचा टीव्ही टॉवर, आणि खाली दक्षिणेला कालचं सगळं पाणी, करदोड्यासारखं. बालेकिल्ल्यावर ते गेले नाहीत. कड्याला आग्या मोहळं लटकलेली होती. "चौघं असतो तर गेलो असतो," एवढंच बोललेत. आम्हाला विचाराल तर अकरा मिनिटांतलं हे सगळ्यात मोलाचं वाक्य. हौशी मंडळी नेमकं उलट करतात, कोणी बघत नसलं तरी बघतंय असं धरून चढतात.

शेवटचं दृश्य अंधारातलं. देवळाची ओसरी असावी. स्टोव्हची निळी कड दिसते, आणि काका कोणाशी तरी बोलतायत. "थांब, थांब. झालंच." नीट ऐकलं तेव्हा कळलं, ते भाताशी बोलत होते.

(दृश्य: बुधवार. काठ. उन्हं कलती.)

चार वाजले. पाण्यावर कोणी नाही.

सव्वाचार. साडेचार. वारा होताच. आमच्यातल्या एकानं फोन काढला, काकूंना लावायला. दुसऱ्यानं कागदाचा फोटो दाखवला: 6 पर्यंत कोणी फोन करायचा नाही. हा नियम किती जड असतो ते काठावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आम्ही तिघं होतो, गाडी होती, थर्मासमध्ये चहा होता, आणि तरी कुणाला बसवेना.

पाचला दहा कमी असताना वळणावर काहीतरी चमकलं. मग पुन्हा, तेवढ्याच अंतरानं. ओलं वल्हं.

काका उतरले, होडी ओढली, आतून कोंबडीची दोन पिसं झटकली. अंगणात पालथी ठेवलेल्या होडीखाली कोंबड्या रात्रीला आल्या होत्या. रेंज येताच पहिला फोन लागला. पलीकडून काय विचारलं ते ऐकू आलं नाही. काका म्हणाले, "घातला होता."

(दृश्य: पुन्हा स्वयंपाकघर. पत्र्याचा डबा, पूर्वी चिवड्याचा असावा.)

घरी आल्यावर काकूंनी फ्रिजवरचा कागद काढला, कोपऱ्यात लिहिलं, "आले. 4:50," घडी घातली आणि डब्यात टाकला. डब्यात असे बरेच कागद आहेत. आम्ही मोजले, सत्तेचाळीस. कुठे आले 3:15, कुठे 5:40. एकदा तर आदल्याच दिवशी आले, पाऊस.

एका कागदावर रात्रीचे 9:20 होते. अक्षर काकूंचंच, पण पेन दाबून लिहिलेलं, कागद मागून उठलेला.

आम्ही काकांकडे बघितलं. काका पातेलं घासत होते, ते घासत राहिले. काकूंनी कागद आमच्या हातातून घेतला, जागेवर ठेवला, झाकण लावलं.

"ते सांगते," त्या म्हणाल्या. "पण आधी ते बंद करा."

आम्ही कॅमेरा बंद केला.