रस्त्याखालची रहाड

मंडळी, विषय पत्रिकेवर लांबलचक छापलाय: वास्तू, कला, विकास आणि समाज. तासाभरात यातलं एकच काही धड बोलता येईल, म्हणून मी आपल्या नाशिकच्या रहाडीबद्दल, म्हणजे रस्त्याखाली बुजवून ठेवलेल्या रंगाच्या हौदाबद्दल बोलतो.

पंचवटीतला शनी चौक घ्या. वर्षभर तिथून रिक्षा जातात, गाड्या लागतात. आपल्या पायाखाली काय आहे हे बाहेरगावच्या पाहुण्याला सांगूनही पटत नाही. रंगपंचमी जवळ आली की गल्लीतली पोरं माती उकरतात, जाडजूड लाकडं बाजूला घेतात आणि पेशवाईतला दगडी हौद उघडा पडतो, पुरुषभराहून खोल. प्रत्येक रहाडीच्या पाण्याचा रंग ठरलेला: शनी चौकाचा गुलाबी, तिवंध्याचा पिवळा, दिल्ली दरवाज्याचा केशरी. पूजा झाली की धप्पे सुरू, म्हणजे रंगाच्या पाण्यात धाडकन उड्या. धप्पा असा बसला पाहिजे, की काठावरचा इस्त्रीचा शर्टवाला नखशिखांत भिजला पाहिजे. नंतर पुन्हा लाकडं, पुन्हा माती, पुन्हा रिक्षा.

मी आर्किटेक्ट आहे. रस्त्याची रुंदी मोजणाऱ्याला इथे फक्त रस्ता दिसतो, हे मला धंद्यामुळे चांगलं कळतं. गावातल्या कितीतरी रहाडी अशाच बुजल्या. उरल्या त्या का उरल्या? दगड भक्कम होता म्हणून नव्हे. लाकडं उचलायला दरवर्षी माणसं आली म्हणून.

ही जुनी रीत आहे. पांडवलेण्यांत, म्हणजे नाशिकजवळच्या प्राचीन बौद्ध लेण्यांत, दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. क्षत्रप राजा नहपानाचा हा जावई लेणं दान करून थांबला नाही. त्याने तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघांकडे, ठेवले: दोन हजार महिना शेकडा एक दराने, एक हजार पाऊण टक्क्याने. व्याजातून भिक्षूंची वस्त्रं, म्हणजे चीवरं, आणि इतर खर्च. म्हणजे बांधतानाच देखभालीची सोय, आणि तीही गावातल्या कारागिरांच्या हातात! अठराव्या लेण्याच्या दर्शनी भागावर तर धंभिक गावाने दान दिल्याचा लेख आहे. आपण फीत कापतो आणि पहिल्या पावसात टाइल उखडली की कंत्राटदाराचा नंबर शोधतो.

आता वाडे. पावसाळा आला की धोकादायक वाड्यांना नोटिसा, मालक-भाडेकरूंची भांडणं, एखादी भिंत कोसळते. मी ‘वाडे वाचवा’ म्हणणाऱ्यांतला नाही. गळक्या माडीखाली रात्री पातेली मांडणाऱ्याला वारसा सांगायला आपल्याला तोंड नसतं. पण वाडा पाडून जी इमारत उभी राहते तिचा तळमजला बघा. नुसते खांब आणि गाड्या. ओटा गेला. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकणारा म्हातारा लिफ्टने चौथ्या मजल्यावर गेला. माझ्याकडून असे दोन प्लॅन झालेत, पार्किंगचे नियम पाळून. ते कबूल करतो. पोरं इंदिरानगरला फ्लॅट घेतात. पंचमीला अजून येतात, आडगाव नाक्यापासून फोन करतात, ‘लाकडं काढली का रे?’ त्यांची मुलं येतील का, मला सांगता येत नाही.

आणि ‘समाज’ हा शब्द जरा जपून वापरू या. शनी चौकापासून काळाराम मंदिर चार पावलांवर. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, आणि तो काही वर्षं चालला. देऊळ तेच, काळा दगड तोच, दरवाजा मात्र काहींनाच उघडा. वास्तू माणसं जोडते असं आपण सहज बोलून जातो. ती कुणाला बाहेर ठेवायचं तेही दगडात सांगते.

म्हणून येत्या पंचमीला रहाडीच्या काठावर उभे राहिलात तर एक करा. आधी लाकडं उचलणारे हात मोजा. मग धप्पा मारणाऱ्यांत बायका किती, तेही मोजा. शर्ट जुना घाला.