गेंड्याच्या गळ्यातली ग्रंथी

फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्यामागे एक पेन ठेवलंय. लिहायचं नाही, टोचायचं. मणका दबलेल्या आजी रोज रात्री ते बाहेर काढतात, पोटाची कातडी चिमटीत धरतात आणि 20 मायक्रोग्रॅम औषध आत सोडतात. हाड बांधणाऱ्या या औषधाचं नाव टेरिपॅराटाइड. गंमत अशी, की ते ज्या हॉर्मोनचा तुकडा आहे, ते हाडं पोखरतं म्हणून बदनाम!

1849 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एक भारतीय एकशिंगी गेंडा मेला. त्याचं शवविच्छेदन करताना शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांना थायरॉइडला चिकटलेली एक छोटीशी पिवळसर ग्रंथी दिसली. माणसातल्या या ग्रंथींचं वर्णन 1880 मध्ये केलं ते स्वीडनमधल्या उप्सालाच्या इवार सँडस्ट्रॉम या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने. त्या बहुधा चार असतात, मसुराच्या दाण्याएवढ्या. रक्तातलं कॅल्शियम घसरलं की त्या पॅराथायरॉइड हॉर्मोन सोडतात. मग मूत्रपिंड कॅल्शियम वाया जाऊ देत नाही, ड जीवनसत्त्वाच्या मदतीने आतडं जास्त शोषून घेतं आणि हाडांकडूनही उचल घेतली जाते.

ही उचल थांबलीच नाही तर?

चार्ल्स मार्टेल अमेरिकेतले जहाजाचे कप्तान. त्यांची हाडं मोडू लागली, मूतखडे झाले, उंची 7 इंचांनी घटली. सर्जननी सहा वेळा गळा उघडला, पण हॉर्मोन सोडत राहणारी पॅराथायरॉइडची गाठ काही सापडेना. शेवटी मार्टेल स्वतःच शरीररचनेची पुस्तकं घेऊन बसले आणि म्हणू लागले, छातीत बघा. 1932 मध्ये बॉस्टनला सातवी शस्त्रक्रिया झाली. गाठ छातीतच निघाली! रुग्णाने डॉक्टरांना वाट दाखवावी, असं क्वचितच घडतं. पण सहा आठवड्यांनी, मूतखड्याच्या शस्त्रक्रियेनंतर, मार्टेल गेले.

त्याच 1932 साली संशोधक हान्स सेल्ये यांनी उंदरांना या ग्रंथींचा अर्क अगदी थोडा थोडा टोचला, आणि नवं हाड तयार झालेलं त्यांना दिसलं. हॉर्मोन दिवसरात्र पाझरत राहिलं, तर हाड कुरतडणाऱ्या पेशींचं फावतं. दिवसातून एकदाच, काही तासांपुरतं चढून उतरलं, तर बांधणाऱ्या पेशी पुढे सरसावतात. सगळा फरक वेळेचा. हे औषधाच्या रूपात यायला 70 वर्षं गेली: मूळ हॉर्मोनच्या 84 अमिनो आम्लांपैकी पहिली 34 घेऊन केलेल्या टेरिपॅराटाइडला अमेरिकेत 2002 साली मान्यता मिळाली.

हे इंजेक्शन साधारणपणे दोन वर्षांपुरतंच. नंतर काहीच घेतलं नाही, तर कमावलेलं हाड पुन्हा झिजायला लागतं. म्हणून पुढे बहुधा अ‍ॅलेन्ड्रोनेटसारखी गोळी देतात. ती नवं बांधत नाही, कुरतडणाऱ्यांचे हात धरते. आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. गोळी अन्ननलिकेत अडकली तर जखम करते, म्हणून नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, आणि तोवर चहाही नाही.

आजींचा खरा आक्षेप या चहाबंदीला आहे.