आजाराला थाईत काय म्हणायचं?

[कॅमेऱ्यासमोर. टेबलावर छापलेली दोन पानं, हातात पेन्सिल.]

हे पान बघा. यातलं पहिलं वाक्य मी स्वतः तपासलं, बरोबर आहे म्हणून खूण केली, आणि ते चुकलेलं होतं. चूक कशी सापडली ते सांगतेच, पण आधी हे पान कशाचं आहे ते सांगते.

मी बँकॉकमध्ये राहते. आरोग्याची इंग्रजी माहिती थाईत आणण्याच्या कामात माझ्याकडे उलट भाषांतर असतं. म्हणजे माझी थाई सहकारी इंग्रजीवरून थाई करते, ते थाई माझ्याकडे येतं, मूळ इंग्रजी मला दाखवत नाहीत, आणि मी ते परत इंग्रजीत आणते. मग दोन्ही इंग्रजी शेजारी शेजारी ठेवायची. जुळली तर भाषांतर ठीक, असा हिशेब.

या वेळी विषय होता ईटिंग डिसऑर्डर. मराठीत आपण 'खाण्याचे विकार' म्हणतो आणि ऐकणाऱ्याला अपचन, पित्त, अ‍ॅसिडिटी आठवते. हा विषय तो नाही. जेवण, वजन आणि स्वतःचं शरीर या तीन गोष्टींत माणसाचं अख्खं मन अडकून पडतं, असा हा मानसिक आजार आहे. त्यातला अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढेल या भीतीने खाणं तोडत जाणं, तर सगळ्या मानसिक आजारांमध्ये सर्वांत जीवघेण्या आजारांपैकी एक आहे. आजारी मुलगी डॉक्टरकडे जायच्या आधी असलं एखादं पान मोबाइलवर, एकटीच, रात्री वाचते. त्या पानावर चुकीचा शब्द असेल तर ती पान बंद करते. एवढंच होतं, आणि तेवढं पुरे असतं.

[पडद्यावर पाच ओळी, एकेक करून.]

तर ते पान. ब्रिटनमध्ये १९९९ साली पाच प्रश्नांची एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली, तिचं नाव स्कॉफ. पाच प्रश्नांतल्या पाच शब्दांची आद्याक्षरं घेऊन हे नाव बनलंय, आणि तिथल्या बोलीत स्कॉफ म्हणजे बकाबका खाणं. पाचांपैकी दोन उत्तरं 'हो' आली तर डॉक्टरांनी नीट तपासावं, असा तिचा उपयोग. निदान त्यावरून करत नाहीत. थाईत येताना आद्याक्षरांची गंमत जाते, ते सोडून देऊ. तिसऱ्या प्रश्नात वजन 'स्टोन'मध्ये विचारलंय, हे ब्रिटिश एकक, १४ पौंडांचं. त्याचे किलो करता येतात. खरा घोळ पहिल्या प्रश्नात आहे.

पोट नको इतकं भरल्यासारखं वाटतं म्हणून तुम्ही 'मेक युअरसेल्फ सिक' करता का? ब्रिटिश माणूस हे वाचून एकच अर्थ घेतो: मुद्दाम उलटी काढता का. बाकी जग 'सिक' म्हणजे आजारी असं शिकलेलं. आमच्या थाई मसुद्यात आलं 'पुआय'. पुआय म्हणजे आजारी. मी ते इंग्रजीत परत नेलं तेव्हा माझ्या हातून काय लिहिलं गेलं असेल? 'सिक'. दोन्ही वाक्यं अक्षरशः जुळली. या पद्धतीवर माझा फार विश्वास होता, आणि त्या पद्धतीनेच चूक झाकून टाकली.

ती सापडली पुढच्या पायरीला. मसुदा चार-पाच वाचकांना देतात आणि विचारतात, हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा. एका विद्यार्थिनीने सांगितलं, "जास्त जेवलं की मला बरं वाटत नाही का, असं विचारताय ना? हो, तसं होतं कधीकधी." ती अगदी निरोगी होती आणि तिचं उत्तर 'हो' होतं. माझ्या शेजारी बसलेली सहकारी, जिला मी 'फी' म्हणते, थोरल्या भावंडाला म्हणतात तसं, तिने पेन्सिलीने पुआयवर रेघ मारली आणि वर लिहिलं 'आचियन'. उलटी. त्या दिवसापासून माझा नियम एकच आहे: वाक्य दुसऱ्याच्या तोंडून, त्याच्या शब्दांत ऐकल्याशिवाय ते झालं म्हणायचं नाही.

[पान उलटून.]

आता आजाराचं नाव. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी १८७३-७४ मध्ये दिलं. ग्रीकमधून अर्थ निघतो भुकेचा अभाव. आपल्या बोलण्यात, अन्नावरची वासना उडणं. पण या आजारात वासना उडालेली नसते. भूक असते, कडकडून असते, माणूस तिच्याशी भांडत असतो. म्हणजे मूळ नावच फसवं आहे. शब्दाला शब्द ठेवला तर थाईत होतं 'बुआ आहान', अन्नाचा कंटाळा. ताप आला की आपल्यालाही अन्नाचा कंटाळा येतो. आई वाचते आणि म्हणते, होईल बरी चार दिवसांत.

थाई लोकांच्या तोंडी दुसरी दोन नावं आहेत. 'रोक क्लुआ उअन', जाड व्हायला भिण्याचा रोग. आणि 'रोक ख्लांग फॉम', बारीक होण्याचं वेड. ही नावं बुआ आहानपेक्षा खरी आहेत, हे मान्य करायला हवं. जर्मन भाषेतलं नावही याच जातीचं आहे, बारीकपणाचा हव्यास अशा अर्थाचं. पण 'ख्लांग' हा शब्द मराठी 'वेड'सारखाच दोन्हीकडे कापतो. ध्यास घेतलेलाही वेडा आणि डोकं फिरलेलाही वेडा. ज्या मुलीला हा आजार आहे तिला आरशात स्वतः बारीक दिसतच नाही. तिला वेड लागलंय असं शीर्षकातच लिहिलं की ती म्हणते, हे माझ्याबद्दल नाही. आणि घरच्यांना वाटतं, दिसण्याचे नखरे आहेत, लाड कमी करा.

बुलिमिया हा दुसरा आजार, एकदम खूप खाऊन मग ते शरीरातून काढून टाकण्याचा. त्याचं थाई बोलीतलं नाव याहून अवघड आहे. त्या नावातच उलटी कशी काढायची ते सांगितलेलं आहे, म्हणून त्याचा अर्थ मी इथे फोडून सांगत नाही. या विषयावरच्या माहितीत वजनाचे आकडे, कॅलरी आणि 'कसं करतात' हे लिहू नये, हा भाषांतराच्याही आधीचा नियम आहे. आजारी माणूस ते सूचना म्हणून वाचतो.

मग करायचं काय? बोलीतलं नाव टाकूनही चालत नाही, कारण मुलं शोधताना तेच नाव टाइप करतात. आम्ही असं केलं. शीर्षकात तटस्थ नाव ठेवलं, 'रोक कान किन फित पकति'. पहिल्या परिच्छेदात एकदाच, 'लोक याला असंही म्हणतात' असं सांगून बोलीतलं नाव घेतलं. पुढे पानभर तटस्थच.

[जरा पुढे सरकून.]

हे नाव पुन्हा ऐका. रोक म्हणजे आपला रोग. कान किन म्हणजे खाणं. फित म्हणजे चुकलेलं. आणि पकति म्हणजे पाली भाषेतली पकति, आपली प्रकृती. थाईत तिचा अर्थ 'नेहमीसारखं, नॉर्मल' असा झाला, आणि आपण मराठीत प्रकृती म्हणजे तब्येत म्हणतो. आहान म्हणजे आहार. आरोग्याला सुक्खफाप, त्यात सुख आणि भाव. मराठी कानाला हे सगळं घरचं वाटतं, आणि तिथेच घसरायला होतं. चित म्हणजे चित्त, म्हणून मानसिक आजाराला 'रोक चित' म्हणावं असं मला पहिल्या महिन्यात अगदी सरळ वाटलं होतं. रस्त्यावर रोक चित ही शिवी आहे. विकृत, सायको. त्याऐवजी 'मनाच्या आरोग्याची अडचण' असं लिहितात, पान्हा सुक्खफाप चित.

एका बाबतीत मात्र थाई भाषा इंग्रजीच्या पुढे आहे. इंग्रजी पत्रकं रुग्णाला सर्रास 'शी' म्हणतात, जणू हा आजार मुलींनाच होतो. थाईत 'खाव' हे एकच सर्वनाम तो आणि ती दोघांना चालतं. भाषांतरात मुलगे आपोआप आत येतात, आणि त्यांनी आत यायलाच हवं, कारण हा आजार त्यांनाही होतो.

आता घरच्यांसाठीचा भाग. इंग्रजीत एक ओळ असते: रुग्णाच्या दिसण्यावर बोलू नका. थाईत नेली तरी ती कुणाला लागू होत नाही, कारण आपण दिसण्यावर बोलतोय असं कुणाला वाटतच नाही. माझ्या गल्लीच्या तोंडाशी सकाळी तांदळाची पेज विकणाऱ्या मावशी आहेत. मी सुट्टीवरून परतले तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "उअन खुन ना." जाड झालीस गं. त्यात माया होती, वाडग्यात आल्याचे काप नेहमीपेक्षा जास्त होते. इथे उअन हे लाडाचं टोपणनावही असतं. आपल्याकडे लग्नात भेटलेली मावशी "तब्येत सुधारली हो" किंवा "किती वाळलीस" म्हणते, अगदी तसंच. म्हणून आम्ही सल्ला न लिहिता ती वाक्यंच लिहिली. 'उअन खुन' म्हणू नका. 'फॉम लोंग', बारीक झालीस, हेही म्हणू नका, कारण आजारी मुलीला ती शाबासकी वाटते. उपचार सुरू असताना 'आता छान भरलीस' तर मुळीच नको.

जेवणाचंही तसंच. इंग्रजी पत्रकात प्रत्येकाच्या ताटात किती उरलं ते बघा असं असतं. थाई घरात भाताची थाळी ज्याची त्याची, बाकीचे पदार्थ मध्ये सगळ्यांचे, आणि जो तो चमच्या-चमच्याने घेतो. कोण किती जेवलं हे ताटावरून कळतच नाही. शिवाय संध्याकाळी न जेवणं हे लक्षण म्हणून विचारलं तर उपोसथाच्या, म्हणजे बौद्धांच्या व्रताच्या दिवशी अष्टशील (आठ नियम) पाळणारी आजी 'हो' म्हणेल, दुपारनंतर न जेवणं हे त्या शीलातच आहे. आपल्या एकादशीसारखं. म्हणून प्रश्न बदलावा लागला: न जेवल्याने बरं वाटतं की सुटका झाल्यासारखं वाटतं, आणि जेवलात तर स्वतःला शिक्षा करावीशी वाटते का?

[दुसरं पान वर उचलून.]

शेवटची ओळ. इंग्रजीत होतं, तुम्ही एकटे नाही. थाईत शब्दशः केलं तर 'तुम्ही एकटे राहत नाही' असंही ऐकू येतं, आणि विद्यापीठाजवळच्या खोलीत खरंच एकटी राहणारी मुलगी ते वाचते. फीने ते खोडलं आणि लिहिलं, 'पेन कामलांग चाइ हाय'. चाइ म्हणजे हृदय, कामलांग म्हणजे बळ. तुझ्या मनाला बळ मिळो म्हणून आम्ही आहोत, असं. परीक्षेला जाणाऱ्या मुलाला, आजारी मित्राला, थाई माणूस हेच म्हणतो.

खाली थायलंडच्या मानसिक आरोग्य विभागाचा नंबर आहे, १३२३. तुम्ही भारतात हे बघत असाल आणि यातलं काही तुमच्याबद्दल किंवा घरातल्या कुणाबद्दल वाटलं असेल, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर १४४१६. तिथे मराठीत बोलता येतं.